म्हाताऱ्या घोडीच्या अंगावर गाठी



२०२२ सालचा भाद्रपद तुम्हाला आठवत असेल. गावोगाव लंपीची धास्ती होती. गुरांचे बाजार बंद पडले होते, गोठ्यागोठ्यातून लिंबाच्या पाल्याचा धूर निघत होता, आणि जो तो सकाळी उठून आपल्या गाईच्या अंगावर हात फिरवून कुठे गाठ लागते का ते पाहत होता. अशाच एका सकाळी पवन मावळातील एका वाडीवरून मला फोन आला. फोन करणारे गृहस्थ सत्तरीचे, भाताचे जाणते शेतकरी, इंद्रायणीचे बियाणे घरचे राखणारे. त्यांना आपण आबा म्हणू.

"साहेब, घोडीला लंपी झालीया. शेजारपाजारचे म्हणत्यात, गावाबाहेर काढा. काय करू?"

मी शेतकी पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण खेड्यात विस्तार अधिकारी म्हटला की बियाण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळे त्यालाच विचारायचे, अशी रीत आहे. मी तालुक्याच्या पशुवैद्यक डॉक्टर बाईंना बरोबर घेऊन वाडीवर गेलो. पुढची हकिगत सांगण्याचे कारण असे, की मावळात घोडी बाळगणारी घरे अजून पुष्कळ आहेत आणि या हकिगतीत माझी स्वतःचीही एक चूक आहे.

घाटातली घोडी

आबांनी ही घोडी २००७ च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. तेव्हा ती चार वर्षांची होती. रंगाने लाल, पायाने चपळ. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागात बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते, हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल, तुम्हाला नको. घाटात बारी सुटली की घोडीवरचा पोरगा पुढे आणि मागून बैल. आबांच्या घोडीने असे सहा हंगाम गाजवले. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली आणि घोडीचे काम संपले. मग आबांचा मुलगा तिला हंगामात लोणावळ्याला नेऊ लागला. टायगर पॉइंटला पर्यटकांना फेऱ्या मारायच्या, दिवसाकाठी चार पैसे आणायचे. पर्यटकांची लेकरे हौसेने घोडीला चिक्कीचा तुकडा भरवीत, बिस्किटे देत, मक्याच्या कणसाचा उरलेला भाग देत. कोण नाही म्हणणार? गिऱ्हाईक खूश, घोडी खूश.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. लोणावळ्याचा रस्ता ओस पडला. घोडी दावणीला उभी राहिली ती राहिलीच. पुढच्या वर्षी मी भाताच्या रोपवाटिकेच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तिची पाठ बसली होती, पुठ्ठ्यावरचे मांस उतरले होते, पोट मात्र खाली लोंबत होते. आबांनी विचारले, "हिला काय द्यावं?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "अशक्त झाली आहे. भातगिरणीतला कोंडा आणि गूळ एकत्र भिजवून रोज द्या." आबांनी माझा शब्द पाळला. वर्षभर पाळला.

आणि आता तिच्या अंगावर गाठी आल्या होत्या.

गाठी कुठे आहेत, ते आधी पाहा

डॉक्टर बाईंनी पहिली गोष्ट स्पष्ट केली. लंपीचा विषाणू हा गाई-म्हशींचा आहे. घोड्याला, तट्टाला, गाढवाला, खेचराला लंपी होत नाही. लंपीच्या गाठी अंगभर गोल, टणक, वाटाण्यापासून लिंबाएवढ्या उठतात आणि सोबत ताप असतो. आबांच्या घोडीला ताप नव्हता. शेजाऱ्यांनी हे ऐकले तेव्हा अंगणात जमलेली माणसे जरा सैल झाली.

मग बाईंनी घोडीवर हात फिरवायला सुरुवात केली, आणि ते पाहण्यासारखे होते. आपण घोडा घेताना भोवरे मोजतो, पाय पांढरे किती ते बघतो, खोडी काढतो. पण एकदा घरात आला की त्याच्या अंगावर सावकाश हात कोण फिरवतो? बाईंनी आयाळीखालची मान चाचपली. मानेचा वरचा काठ एरवी हाताने डावा-उजवा हलतो. हिचा काठ कडक होऊन एका बाजूला कलला होता. शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांना मऊ, उशीसारखे फुगवटे. आणि डोळ्यांच्या वर? म्हाताऱ्या घोड्याच्या डोळ्यांवर खळगे पडतात, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. वय ओळखायची ती एक खूण. आबांच्या एकोणीस वर्षांच्या घोडीच्या डोळ्यांवर मात्र खळगा नव्हता. खळग्याच्या जागी उंचवटा होता.

"ह्या गाठी नाहीत आबा, ही चरबी आहे," बाई म्हणाल्या. "अंगावरचं मांस गेलं आणि चरबी भलत्याच ठिकाणी साठली. हिचे केस इतके लांब कधीपासून आहेत?"

याचे उत्तर आबांना देता आले नाही. उत्तर दिले दाराआडून त्यांच्या सूनबाईंनी. "शिमग्याला गळायला पाहिजेत ते केस दोन वर्षं झाली गळतच नाहीत, बाई. उन्हाळ्यात घामानं नुसती भिजती. आणि पाणी किती पिती! आधी दोन बादल्या पुरायच्या, आता चार लागत्यात. गोठा सारखा ओला. मी मामंजींना म्हणलं होतं, पण घोडी म्हातारी झाली म्हणून सोडून दिलं."

भगिनींनो, गोठा झाडणाऱ्या बाईला जनावराचा आजार आधी कळतो, असे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. तिला कुणी विचारत नाही, एवढेच.

मेंदूखालची लहानशी ग्रंथी

घोड्याच्या मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी असते. माणसालाही असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात, मराठी पुस्तकात पीयूषिका म्हणतात. तिच्यातून जे रस रक्तात उतरतात त्यांना हार्मोन म्हणतात, आणि केस केव्हा गळावेत, पाणी किती लागावे, साखर कशी वापरली जावी, जखम कशी भरावी अशा अनेक गोष्टी त्या रसांवर चालतात. या ग्रंथीच्या मधल्या भागाला मेंदूने एक लगाम घातलेला असतो. तो लगाम म्हणजे डोपामिन नावाचे द्रव्य. वय वाढले की काही घोड्यांत हे द्रव्य करणाऱ्या नसा झिजतात. लगाम सुटला की ग्रंथी मोकाट सुटते, आकाराने वाढते आणि तिचे रस गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्तात उतरू लागतात. माणसाच्या कंपवातात मेंदूच्या दुसऱ्या भागात हेच द्रव्य कमी पडते. तेव्हा हा काही दैवाचा कोप नाही की कुणी केलेली करणी नाही.

माणसांतल्या अशाच एका आजाराचे वर्णन हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९३२ साली केले. म्हणून घोड्याच्या या दुखण्यालाही पुष्कळ जण कुशिंगचा आजार म्हणतात. तरुण घोड्याला तो क्वचित होतो. पंधरा वर्षांच्या पुढे मात्र तो वाटतो तितका दुर्मिळ नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या घोड्यांपैकी पाचांत एकाला तो आढळला.

खुणा हळूहळू येतात, म्हणून म्हातारपणात जमा होतात. न गळणारे लांब, कधी कुरळे केस. पाठीवरचे मांस उतरणे आणि पोट लोंबणे. पाणी आणि लघवी वाढणे. कारण नसताना घाम. जखम लवकर न भरणे, गोचिड-उवा आणि पोटातले जंत वारंवार होणे. पूर्वीची घोडी मंद, झोपाळू वाटणे. या सगळ्या खुणा एकाच जनावरात असतील असे नाही, पण लांब केस ही सगळ्यांत मोठी खूण. चैत्र-वैशाखात शेजारच्या घोड्याचे अंग चकाकत असेल आणि तुमच्या घोड्याच्या अंगावर थंडीची घोंगडी तशीच असेल, तर ते म्हातारपण नव्हे.

चरबीच्या फुगवट्यांचे कारण जरा निराळे आहे, पण या दुखण्याला चिकटून येते. आपल्या मधुमेहात ज्याचे नाव ऐकतो ते इन्शुलिन घोड्यातही असते. गोड आणि पिठूळ खाणे जास्त, हालचाल कमी, असे झाले की इन्शुलिन रक्तात नको इतके चढते. त्यातून मानेवर, शेपटीच्या मुळाशी, डोळ्यांवर, घोड्याच्या लिंगाच्या पिशवीवर चरबी साठते. हे मधल्या वयाच्या लठ्ठ तट्टातही होते. आणि खरा धोका त्या चरबीत नाही, तो खुरात आहे. इन्शुलिन चढलेले राहिले की खूर आणि आतले हाड यांना जोडणारे पदर सुजतात, सैल होतात. वेदना भयंकर असते. हाड आत फिरले, तर घोडा पुन्हा सरळ उभा राहत नाही. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात.

बाईंनी घोडीच्या पुढच्या खुरांवर तळहात ठेवला. मग टाचेच्या वर, खुराच्या सांध्यामागे दोन बोटे ठेवून नाडी पाहिली. माझीही बोटे तिथे ठेवायला लावली. नाडी ठणठण उडत होती. "चालताना टाच आधी टेकते का? वळताना अडखळते? पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभी राहते?" आबा मान हलवत गेले. तिन्ही गोष्टी पंधरवड्यापासून होत्या. त्यांना वाटले होते, नाल बिघडली.

"चंदीत काय देता?" बाईंनी विचारले.

आबांनी माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत, भला माणूस. मीच सांगितले, "कोंडा आणि गूळ. मी सांगितला होता."

मांस उतरले ते भुकेने नव्हे, आजाराने उतरले होते; आणि मी त्या आजारावर गूळ ओतला होता. चिक्कीनेही हातभार लावला असेल, पण पर्यटकांवर ढकलून मला मोकळे होता येणार नाही.

कोंड्याची दुसरी गोष्ट

कोंड्याचा विषय निघालाच आहे तर इथे थोडे थांबतो, कारण भातपट्ट्यात हे प्रत्येकाने समजून घ्यावे. गळ्यात आणखी लहान अशा ग्रंथी असतात, त्या रक्तातला चुना म्हणजे कॅल्शियम सांभाळतात. भाताच्या कोंड्यात कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त स्फुरद असते. घोड्याला रोज पाटीभर कोंडा दिला की रक्तातले कॅल्शियम कमी पडते आणि या ग्रंथींचा रस हाडातला चुना ओढून काढू लागतो. चुना गेलेल्या हाडाच्या जागी तंतूंची भर पडते. चेहऱ्याची हाडे दोन्ही बाजूंनी फुगतात, तोंड रुंद दिसते, दात हलतात, घोडा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतो. युरोपात पूर्वी पिठाच्या चक्कीवाल्यांच्या घोड्यांना हे होई, कारण कोंडा त्यांच्याकडे फुकटचा. म्हणून तिकडे त्याला चक्कीवाल्याचा रोग म्हणत. आपल्याकडे भातगिरणी आहे, आणि कोंडा स्वस्त आहे.

लोणावळ्यात मी असा एक तट्टू पाहिला आहे. डोळ्याखाली दोन्हीकडे सारखे फुगलेले. मालक म्हणाला, "मधमाशी चावली." मधमाशी दोन्ही गालांवर मोजून सारखी चावत नाही.

यात आणखी एक गोम आहे, आणि ती माझ्या विषयातली आहे म्हणून ठासून सांगतो. संकरित नेपियरची गवते आपण गाई-म्हशींसाठी लावतो आणि मीच तुम्हाला ती लावायला सांगत आलो. पण या गवतात आणि भाताच्या पेंढ्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. गाईच्या पोटात त्याची वासलात लागते. घोड्याला रवंथ करणारे पोट नाही, त्याच्या आतड्याला ते कॅल्शियम मिळत नाही. दूध वाढवणारे गवत घोड्याच्या हाडांवर येते ते असे. नेपियर आणि पेंढा हाच घोड्याचा मुख्य चारा करू नये. डोंगरातले वाळलेले गवत मुख्य ठेवावे, सोबत थोडा वाळवलेला लसूणघास, त्यात कॅल्शियम भरपूर असते. कॅल्शियमची भुकटी किती द्यायची ते डॉक्टर सांगतील. पानाचा चुना मात्र कुणी भरवू नये. तोंड आणि घसा भाजेल.

गाठ म्हणजे नेहमी हेच असते असे नाही

सबजा घोडा तुम्ही पाहिला असेल. जन्मतः काळा किंवा तांबडा, मग राखी, आणि वयाबरोबर पांढरा होत जाणारा. वरातीला आणि फेऱ्यांना पांढरा घोडा लागतो म्हणून असे घोडे आपल्याकडे बरेच. यांच्या शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, कानाखालच्या जागेत, काळ्या टणक गाठी येतात. पंधरा वर्षांपुढच्या अशा घोड्यांत दहापैकी सात-आठ जणांना त्या असतात. ही कातडीच्या काळ्या रंगाच्या पेशींची वाढ आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले, की केस पांढरे करणारा आनुवंशिक बदलच या गाठींना कारण आहे, आणि जगातल्या सगळ्या अशा घोड्यांना तो हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून आला. जन्मतःच पांढरा आणि गुलाबी कातडीचा नुकरा घोडा निराळा. त्याला हा त्रास सहसा नसतो. या काळ्या गाठी बहुधा वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. सुरीने कापू नका, तापल्या सळईने डागू नका. महिन्याला एकदा शेपूट वर करून पाहा, सुपारीएवढी आहे की लिंबाएवढी झाली ते लक्षात ठेवा. लीद टाकायला अडचण होऊ लागली, गाठ फुटली किंवा झपाट्याने वाढली, तर डॉक्टरांकडे न्या. लहान असताना काढणे सोपे असते, हेही त्यांच्याशी बोलून ठेवा.

खोगिराखाली, तंगाच्या जागी आलेली गाठ ही सामानाची चूक आहे. पावसाळ्यात जखमेवर माश्या बसून लाल, दाणेदार मांस वाढते, त्यात पिवळे खडे सापडतात. तो माशीने टाकलेल्या जंताच्या अळीचा प्रताप. गाईच्या चामखिळीच्या विषाणूनेही घोड्याला चिवट मस येतात.

एका गाठीला मात्र हात लावू नका. पायाच्या आतल्या अंगाला, पोटाला, मानेला दोरीत मणी ओवावे तशा ओळीने गाठी उठल्या, त्या फुटून मधासारखा चिकट पू वाहू लागला, किंवा नाकातून घट्ट शेंबूड येऊन आत व्रण दिसले, तर तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसाला होतो आणि माणूस दगावतो. २००६ साली पुण्यात आणि पाचगणीत घोड्यांमध्ये तो निघाला होता, म्हणजे आपल्या दारातच. अशा घोड्याला वेगळे बांधा, त्याचा तोबरा-बादली दुसऱ्याला वापरू नका, लहान मुलांना दूर ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. २००९ च्या कायद्याप्रमाणे ही खबर देणे मालकाचे कर्तव्य आहे. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. रोग ठरला तर घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला शांतपणे मारावे लागते, आणि मालकाला सरकारी भरपाई मिळण्याची सोय आहे. लपवून दुसऱ्या तालुक्यात विकणाऱ्याने त्या घरातल्या माणसांचा जीव विकला असे मी समजतो.

आबांनी काय केले

त्या दिवशी गूळ, कोंडा आणि बांधावरचे कोवळे हिरवे गवत बंद झाले. घोडीच्या खाली भाताच्या तुसाची वीतभर जाड गादी केली. दुखणे पंधरा दिवसांचे जुने होते. ते पहिल्या एक-दोन दिवसांतच लक्षात आले असते तर पाय बर्फाच्या पाण्यात उभे ठेवून पुष्कळ फायदा झाला असता, असे बाई म्हणाल्या. आखडलेला घोडा पळवून मोकळा करायचा, ही आपली जुनी समजूत इथे घातक आहे. त्याला चालवूच नये. घोड्याला असा त्रास पूर्वी झाला असेल, तर खाजेवर किंवा सुजेवर कुणी स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याआधी तसे सांगावे, त्याने खुराचे दुखणे उलटू शकते.

रक्ताचा नमुना बर्फात घालून तपासणीला गेला. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास निरोगी घोड्यातही या ग्रंथीचा रस वाढतो, म्हणून डॉक्टर त्या महिन्यांचा हिशेब निराळा धरतात. तो हिशेब धरूनही संशय खरा ठरला. या आजारावर परगोलाइड नावाचे औषध आहे. ते सुटलेल्या लगामाचे काम करते, आजार बरा करत नाही, आणि रोज, जन्मभर द्यावे लागते. बाईंनी आबांना खर्च न लपवता सांगितला. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाई, एवढं झेपायचं न्हाय. पण तिला इकणार न्हाय. हातानं होईल त्यातलं सांगा."

हाताने होण्यासारखे पुष्कळ होते. डोंगरी वाळले गवत तासभर गार पाण्यात भिजवून, पाणी ओतून देऊन घालायचे; गवतातली बरीच साखर त्या पाण्यात निघून जाते. उन्हाळ्यात अर्धा तास पुरे, नाहीतर आंबते. तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला पाच ते सहा किलो सुके गवत लागते. चरबी उतरवायची असेल तर साडेचार किलोपर्यंत, आणि तेही चार वेळा विभागून. एकदम उपाशी मात्र ठेवायचे नाही, तट्टाच्या रक्तात चरबी उतरून ते दगावते. मांस धरण्यासाठी भिजवलेला हरभरा दोन मुठी आणि थोडा लसूणघास. मिठाचा खडा. पाणी हवे तेवढे. गोठा ओला होतो म्हणून पाणी तोडणारे मालक मी पाहिले आहेत. तहान हा आजार आहे, वाईट सवय नव्हे. नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी, खुराचा पुढचा भाग आखूड करायला. वर्षातून एकदा दात घासून घेणे, कारण चावले गेले नाही तर म्हाताऱ्या घोड्याच्या पोटात गोळा अडकतो. लीद तपासून जंताचे औषध. धनुर्वाताची लस.

खुरांची नाडी शांत व्हायला दोन महिने लागले. डिसेंबर २०२१ पासून शर्यतींची वाट पुन्हा मोकळी झाली होती. त्या माघात कुणी तरी आबांना म्हणाले, "जुनी घोडी आहे, घाट ओळखती, एक बारी पळवून बघू." आबांनी त्याला अंगणातूनच वाटेला लावले. आता तिच्यावर कुणी बसत नाही. शेपटीच्या मुळाशी फुगवटे अजून आहेत, पण मानेचा काठ मऊ पडला आहे. सूनबाई रोज सकाळी झाडलोट करताना तिच्या खुरावर तळहात ठेवतात आणि खूर गरम लागला तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला टिंब काढतात. गेल्या पावसाळ्यात एका आठवड्यात तीन टिंबे आली. तपास केला तेव्हा धाकटा नातू आपल्या वाटची चिक्की घोडीला देत असल्याचे उघडकीस आले.

केस मात्र गळत नाहीत ते नाहीतच. म्हणून दर चैत्रात वाडीवरचे नाभिक, त्यांना सगळे नाना म्हणतात, आपली जुनी केस कापायची मशीन घेऊन येतात आणि घोडीची घोंगडी उतरवतात. पोरे कडेने बसून बघतात. यंदा मी तिथेच होतो. अर्धे अंग झाल्यावर नानांनी मशीन थांबवली, तेल सोडले आणि आबांना विचारले, "मिशा ठेवायच्या का?"